विखुरलेले संशोधन आणि लोकहिताचा निर्णय



शासनाची एखादी योजना असो, शाळेतील अध्यापनाची पद्धत असो किंवा ग्रामपंचायतीने हाती घेतलेले एखादे काम असो; अशा प्रत्येक निर्णयाच्या मुळाशी एक गृहीत असते. अमुक केले असता तमुक घडेल, हे ते गृहीत होय. ते खरे की खोटे, याची तपासणी बहुधा जगात कोठे ना कोठे कोणी तरी केलेली असते. किंबहुना एकाच प्रश्नाची तपासणी अनेकांनी, अनेक ठिकाणी केलेली असते आणि त्यांची उत्तरे परस्परांशी जुळत नाहीत. अशा वेळी निर्णय घेणाऱ्याने कोणाचे ऐकावे? ज्याचे म्हणणे सोयीचे त्याचे, की ज्याचे नाव मोठे त्याचे? या पेचातून बाहेर पडण्याचा जो मार्ग शास्त्राने शोधून काढला आहे, त्यास संशोधन-साहित्याचा पद्धतशीर आढावा असे म्हणतात. वरवर पाहता हा ग्रंथालयात बसून चर्चा करण्याचा विषय वाटतो. प्रत्यक्षात त्याचा संबंध नवजात बालकाच्या जीविताशी, शेतकऱ्याच्या पिकाशी आणि विद्यार्थ्याच्या शिक्षणाशी आहे.

एका प्रश्नाची चार उत्तरे

यासाठी महाराष्ट्रातीलच एक उदाहरण घेणे उचित ठरेल. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने नवजात बालकांच्या मृत्यूंचा प्रश्न हाती घेतला. दवाखाना दूर, रस्ते अपुरे आणि बहुसंख्य प्रसूती घरीच, अशी त्या वेळची परिस्थिती होती. संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण दिले. या सेविका घरोघरी जाऊन नवजात बालकास तपासू लागल्या. त्यास ऊब कशी द्यावी, अंगावरचे दूध वेळेवर कसे पाजावे हे त्या मातेस समजावून सांगत आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच औषध व इंजेक्शनही देत. तुलनेसाठी ४७ गावांतील जन्म-मृत्यूंची नोंद ठेवण्यात आली. या कामाचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांचा विचार करता, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसून आले.

त्यानंतर अन्यत्रही असेच प्रयोग झाले. उत्तर प्रदेशात शिवगड येथील प्रयोगात ५४ टक्के घट आढळली. बांगलादेशात सिल्हेट येथे घरभेटींच्या योजनेने ३४ टक्के घट साधली. हे दोन्ही अहवाल २००८ सालचे. पाकिस्तानात सिंध प्रांतातील हाला येथे शासनाच्याच आरोग्यसेविकांमार्फत हे काम झाले. त्याचा अहवाल २०११ साली आला. तेथील घट १५ टक्क्यांच्या आसपास होती.

बासष्ट, चौपन्न, चौतीस आणि पंधरा! यांपैकी खरा आकडा कोणता? सर्वच आकडे खरे आहेत. फरक पडला तो परिस्थितीमुळे. गडचिरोलीत सेविकांवर संस्थेची बारीक देखरेख होती आणि जंतुसंसर्गावर घरीच उपचार होत होता. शिवगड येथे भर होता तो बालकास ऊब देण्यावर आणि जुन्या घातक चालीरीती बदलण्यावर. हाला येथे नेहमीच्या शासकीय यंत्रणेवरच नव्या कामाची जबाबदारी आली होती. योजना आखणाऱ्याने केवळ पहिला आकडा हाती धरला, तर त्याची अपेक्षा अवास्तव होईल आणि पुढे योजना फसली असा ठपका येईल. केवळ शेवटचा आकडा पाहिला, तर योजना सुरूच होणार नाही. दोन्ही प्रकारांत नुकसान बालकांचेच.

दक्षिण आशियातील अशा पाच प्रयोगांचा एकत्रित आढावा दोन भारतीय डॉक्टरांनी २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मुखपत्रात प्रसिद्ध केला. एकत्रित हिशेबात नवजात मृत्यूंचा धोका सुमारे ३८ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात आढळले. त्यापूर्वीच, २००९ साली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी घरभेटींची संयुक्त शिफारस केली होती. २०११ साली केंद्र शासनाने आशा स्वयंसेविकांमार्फत घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर हाती घेतला. गडचिरोलीचा प्रयोग हा या वाटचालीचा आरंभ होता. एका जिल्ह्यातील यश देशाच्या कार्यक्रमाचा आधार व्हावयाचे, तर इतर ठिकाणचा अनुभवही त्याच तराजूत तोलावा लागला.

परंपरा जुनी आहे

पूर्वसूरींचे लेखन गोळा करून ते पारखण्याची कल्पना नवी नाही. स्कॉटिश डॉक्टर जेम्स लिंड याने १७४७ साली जहाजावरील बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीस निरनिराळा उपचार दिला. संत्री आणि लिंबे मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले. स्कर्व्ही रोगाच्या इतिहासातील हा प्रसंग सर्वज्ञात आहे. परंतु त्याच लिंडने १७५३ सालच्या आपल्या ग्रंथात या रोगावर पूर्वी प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा कालानुक्रमाने चिकित्सक परामर्श घेतला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. एवढे होऊनही ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस रीतसर देण्यास १७९५ साल उजाडले. ज्ञान उपलब्ध असणे आणि ते वापरात येणे यांत केवढे अंतर पडू शकते, याचे हे जुने प्रमाण होय.

१९०४ साली संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन याने विषमज्वराच्या लसीविषयीची आकडेवारी एकत्र केली. हे आकडे हिंदुस्थान आणि दक्षिण आफ्रिका येथील ब्रिटिश फौजांतून आलेले होते. निरनिराळ्या तुकड्यांचे आकडे परस्परांशी जुळत नाहीत, हे त्याने स्पष्टपणे नोंदविले आणि अधिक काटेकोर प्रयोग करण्याची सूचना केली.

शेतीशास्त्राने या विचारास शिस्त लावली. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे रोनाल्ड फिशर याने वाफ्यांना खत किंवा वाण नेमून देताना निवड माणसाच्या मर्जीवर न सोपवता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे करण्याची पद्धत रूढ केली. १९३८ साली येट्स आणि कॉक्रन यांनी अनेक ठिकाणच्या शेतीप्रयोगांचे एकत्र विश्लेषण कसे करावे, हे दाखवून दिले. आपल्याकडे डॉ. वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी कृषी संशोधकांसाठी संख्याशास्त्राचा जो ग्रंथ लिहिला, त्यावर देशातील कृषी पदवीधरांच्या अनेक पिढ्या शिकल्या. महाराष्ट्रातील चार कृषी विद्यापीठांत आजही कोणतेही वाण एका शेतातील एका हंगामाच्या उत्पन्नावरून शिफारशीस पात्र ठरत नाही. अनेक ठिकाणी, अनेक हंगाम चाचण्या होतात आणि त्या सर्वांचा विचार संयुक्त समितीपुढे होतो. शेतकऱ्यास हे सहज पटते. एका वर्षीचा पाऊस आणि एका शिवारातील जमीन म्हणजे सारा महाराष्ट्र नव्हे, हे त्यास ठाऊक असते. हीच कसोटी आरोग्य, शिक्षण आणि समाजकल्याण या क्षेत्रांस लावणे, हेच पद्धतशीर आढाव्याचे मर्म होय.

एका इंजेक्शनाची कथा

वैद्यकाने ही कसोटी स्वीकारण्यास विलंब केला आणि त्याची किंमत मोठी होती. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे ग्रॅहॅम लिगिन्स हे संशोधक प्रसूतीची सुरुवात कशी होते, याचा अभ्यास मेंढ्यांवर करीत होते. स्टेरॉइड वर्गातील औषध दिल्यावर वेळेपूर्वी जन्मलेली काही कोकरे, फुप्फुसे अपक्व असण्याची अपेक्षा असतानाही, श्वास घेत राहिली. ही गोष्ट त्यांच्या मूळ प्रश्नाशी संबंधित नव्हती. परंतु तिचे महत्त्व त्यांनी ओळखले. रॉस हॉवी या बालरोगतज्ज्ञांच्या साहाय्याने त्यांनी, अपुऱ्या दिवसांत प्रसूत होण्याचा संभव असलेल्या मातांवर प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. ज्या मातांना औषध मिळाले त्यांच्या बालकांत जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. ज्यांना मिळाले नाही त्यांच्या बालकांत ते १५ टक्के होते.

औषध स्वस्त होते आणि देण्यास सोपे होते. पुढील दहा वर्षांत आणखी काही ठिकाणी प्रयोग झाले. परंतु त्यांपैकी बरेच लहान होते. एकेकटा पाहिला तर बहुतेक प्रयोग निर्णायक वाटत नव्हता. एखादा डॉक्टर एक अहवाल वाचून औषधाच्या बाजूने मत देई, तर दुसरा डॉक्टर दुसरा अहवाल वाचून शंका घेई. सर्व प्रयोग एका ओळीत मांडून त्यांचा एकत्रित हिशेब कोणी केला नव्हता. तो १९८९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा अपक्वतेमुळे होणाऱ्या मृत्यूंचा धोका या औषधाने ३० ते ५० टक्क्यांनी कमी होतो, असे स्पष्ट झाले. हे ज्ञान दशकभर आधीच प्रसिद्ध झालेल्या कागदांत पडून होते. दरम्यानच्या काळात हजारो बालके उपचाराअभावी दगावली असावीत, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. ती दगावली ती औषध नव्हते म्हणून नव्हे, संशोधन नव्हते म्हणूनही नव्हे. झालेले संशोधन कोणी एकत्र केले नव्हते, एवढेच त्याचे कारण.

ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रेन यांनी नेमक्या याच उणिवेवर बोट ठेवले होते. प्रत्येक शाखेतील सर्व विश्वसनीय प्रयोगांचा चिकित्सक सारांश तयार करून तो वेळोवेळी सुधारण्याची व्यवस्था वैद्यक व्यवसायाने केलेली नाही, असे त्यांनी १९७९ साली लिहिले. १९८८ साली त्यांचे निधन झाले. १९९२ साली ऑक्सफर्ड येथे इयन चामर्स यांच्या नेतृत्वाखाली त्यांच्या नावाचे केंद्र आणि १९९३ साली त्याच नावाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ऑकलंडच्या औषधाविषयीच्या सात प्रयोगांची आकृती हेच या संघटनेचे बोधचिन्ह आहे.

आढावा कसा घेतला जातो

साधा आढावा आणि पद्धतशीर आढावा यांत मूलभूत भेद आहे. साधा आढावा घेणारा तज्ज्ञ आपल्या वाचनातील आणि स्मरणातील लेखन घेऊन मत बनवितो. त्याचा हेतू प्रामाणिक असला, तरी आपल्या मताशी जुळणारे लेखन त्यास अधिक आठवते. पद्धतशीर आढाव्यात हा दोष टाळण्यासाठी नियम आधीच ठरवून जाहीर केले जातात.

प्रथम प्रश्न नेमका केला जातो. कोणत्या लोकांसाठी, कोणता उपाय, कशाच्या तुलनेत आणि कोणत्या परिणामासाठी, हे चार घटक त्यात स्पष्ट असावे लागतात. 'शालेय आहाराचा उपयोग होतो काय?' हा प्रश्न सैल आहे. 'प्राथमिक शाळेतील मुलांना दुपारचे जेवण दिल्यास, न दिलेल्या शाळांच्या तुलनेत, त्यांच्या उपस्थितीत वाढ होते काय?' हा प्रश्न तपासता येतो.

त्यानंतर त्या प्रश्नावरील सर्व अभ्यास शोधले जातात. प्रसिद्ध झालेले तर शोधावेच लागतात, परंतु अप्रसिद्ध राहिलेल्यांचाही माग काढावा लागतो. याचे कारण महत्त्वाचे आहे. यशस्वी प्रयोगाचा अहवाल छापून येतो आणि निष्फळ प्रयोगाचा अहवाल कपाटात पडून राहतो, ही प्रवृत्ती सर्वत्र आढळते. केवळ छापील अहवाल वाचणाऱ्यास त्यामुळे प्रत्येक उपाय प्रत्यक्षाहून अधिक गुणकारी वाटतो. जे शासकीय अधिकारी प्रायोगिक प्रकल्पांचे अहवाल पाहतात, त्यांना या प्रवृत्तीचा परिचय असेलच.

मग कोणते अभ्यास ग्राह्य आणि कोणते अग्राह्य, हे पूर्वनियोजित निकषांनुसार ठरते. ही छाननी दोन व्यक्ती स्वतंत्रपणे करतात आणि मतभेद झाल्यास तो चर्चेने सोडवितात. उत्तरपत्रिकेच्या दुहेरी तपासणीसारखीच ही व्यवस्था आहे. प्रत्येक अभ्यासाचा दर्जाही पाहिला जातो. गट कसे पाडले, किती लोक मध्येच गळाले, मोजणी करणारा निःपक्ष होता काय, हे तपासले जाते. शक्य असेल तेथे आकडे एकत्र करून सरासरी परिणाम काढला जातो. मोठ्या अभ्यासास अधिक आणि लहान अभ्यासास कमी वजन मिळते. जेथे अभ्यास परस्परांहून फार भिन्न असतात, तेथे सरासरी न काढता भेदाची कारणे मांडली जातात. शेवटी हे सर्व कसे केले ते लिहून ठेवले जाते. त्यामुळे अन्य कोणासही तीच वाट पुन्हा चालून पाहता येते.

क्षेत्रांच्या सीमा ओलांडताना

ज्ञानाची खाती माणसाने सोयीसाठी पाडली आहेत. जीवनातील प्रश्न त्या खात्यांप्रमाणे विभागलेले नसतात. शाळेतील मुलीच्या अंगात रक्त कमी आहे, हा प्रश्न वैद्यकाचा, आहारशास्त्राचा, पाणी व स्वच्छतेचा, शेतीचा आणि शिक्षणाचाही आहे. प्रत्येक क्षेत्रातील संशोधक आपापल्या नियतकालिकात, आपापल्या परिभाषेत लिहितात. एकाच गोष्टीस वैद्यक एक नाव देते आणि समाजशास्त्र दुसरे. आढावा घेणाऱ्यास म्हणूनच सर्व क्षेत्रांच्या शब्दांनी शोध घ्यावा लागतो.

अशा शोधातून कधी कधी पूर्णतः नवीन ज्ञान हाती येते. शिकागो विद्यापीठातील डॉन स्वान्सन हे डॉक्टर नव्हते. माहितीशास्त्र हा त्यांचा विषय. थंडीने बोटांचा रक्तपुरवठा मंदावण्याचा रेनो नावाचा एक विकार आहे. या विकारात रक्त अधिक दाट असते, असे काही लेखांत नोंदलेले होते. माशाच्या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो, असे अगदी वेगळ्या लेखांत लिहिलेले होते. दोन्ही गटांतील संशोधक परस्परांचे लेखन वाचत नव्हते. स्वान्सन यांनी दोन्ही वाचले आणि या तेलाचा त्या विकारात उपयोग होऊ शकेल, असे अनुमान १९८६ साली मांडले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, या विकाराच्या काही रुग्णांना तेलामुळे थंडी अधिक सहन होते, असे आढळले. हाताशी असलेले दोन धागे केवळ जोडले गेले नव्हते.

आढाव्याची पद्धत स्वतःही अशीच क्षेत्रे ओलांडत आली. चिठ्ठ्या टाकून गट पाडणे शेतीतून वैद्यकात आले. अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करण्याच्या सांख्यिकी पद्धतीस १९७६ साली 'मेटा-अ‍ॅनालिसिस' हे नाव दिले, ते जीन ग्लास या शिक्षणशास्त्रज्ञाने. वैद्यकाने ती उचलली आणि २००० साली स्थापन झालेल्या कॅम्पबेल संघटनेने तीच पद्धत शिक्षण, समाजकल्याण व गुन्हेगारी-प्रतिबंध या विषयांसाठी स्वीकारली.

सद्हेतू पुरेसा नाही

समाजकल्याणाच्या क्षेत्रातील एक आढावा विशेष बोलका आहे. अमेरिकेत १९७० नंतर एक कार्यक्रम लोकप्रिय झाला. वाह्यात वळणावर गेलेल्या मुलांना तुरुंगात नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून तेथील भयानक जीवनाचे वर्णन ऐकवावयाचे, म्हणजे धाक बसून ती सुधारतील, अशी कल्पना होती. कल्पना पटण्याजोगी, खर्च अल्प आणि पाहणारे प्रभावित. पुढे यासंबंधीच्या नऊ प्रयोगांचा पद्धतशीर आढावा घेण्यात आला. तेव्हा असे आढळले की, या कार्यक्रमात गेलेल्या मुलांकडून, न गेलेल्या मुलांच्या तुलनेत, अधिक गुन्हे घडले. सुधारणेसाठी केलेला उपाय काहीच न करण्यापेक्षा वाईट ठरला. योजनेचा हेतू, तिची लोकप्रियता आणि तिचा परिणाम या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात यावे.

नागपूरने शिकविलेला धडा

तथापि आढावा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. ऑकलंडच्या इंजेक्शनाची कथा येथे पुन्हा आठवावी लागते, कारण तिचा पुढील अध्याय महाराष्ट्रातही लिहिला गेला. त्या औषधाविषयीचे बहुतेक प्रयोग सुसज्ज रुग्णालयांत झालेले होते. हेच औषध खेड्यापाड्यांतील मातांपर्यंत व्यापक प्रमाणावर पोचविले तर काय होईल, हे पाहण्यासाठी सहा देशांत एक मोठा प्रयोग झाला. अर्जेंटिना, ग्वाटेमाला, केनिया, झांबिया आणि पाकिस्तान यांच्यासह भारतातील बेळगाव व नागपूर ही केंद्रे त्यात होती. सुमारे एक लाख जन्मांची नोंद झाली. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले आणि ते धक्कादायक होते. अतिशय कमी वजनाच्या बालकांच्या मृत्युदरात लक्षणीय फरक पडला नाही. सर्व बालकांचा एकत्र विचार करता, जेथे औषधाचा प्रसार केला तेथे दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यूंचे प्रमाण २७.४ होते, तर इतरत्र ते २३.९ होते. मातांमधील संशयित जंतुसंसर्गही वाढलेला दिसला.

तेच औषध, मग परिणाम उलट का? गरोदरपणाचे आठवडे नेमके मोजण्याची सोय नसल्यामुळे, पुढे पूर्ण दिवसांनी प्रसूत झालेल्या अनेक मातांनाही ते दिले गेले. शिवाय जन्मानंतर अशक्त बालकाची जी काळजी रुग्णालयात घेतली जाते, ती सर्वत्र उपलब्ध नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली आपल्या शिफारशीस अटी जोडल्या. गर्भाचे वय अचूक ठाऊक असावे, मातेस जंतुसंसर्ग नसावा, प्रसूतीची आणि नवजात बालकाच्या देखभालीची पुरेशी व्यवस्था असावी, या त्या अटी होत. त्यानंतर भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरिया येथील २९ रुग्णालयांत २,८५२ मातांवर नवा प्रयोग झाला. सोनोग्राफीने दिवस मोजून आणि देखभालीची व्यवस्था पाहून औषध देण्यात आले. २०२० सालच्या त्याच्या अहवालानुसार नवजात मृत्यूंचे प्रमाण औषध न मिळालेल्या गटात २३.५ टक्के, तर औषध मिळालेल्या गटात १९.६ टक्के होते. औषध गुणकारी होतेच. ते कोठे, कोणास आणि कोणत्या सोयी असताना द्यावे, हा प्रश्न पूर्वीच्या प्रयोगांनी विचारलेला नव्हता. आढाव्यातील सरासरी स्वीकारताना ती कोणत्या परिस्थितीतून आली आहे, हे पाहणे म्हणूनच अत्यावश्यक ठरते.

शाळेच्या वर्गात

शिक्षणक्षेत्रातही असाच विवेक लागतो. मुंबई आणि बडोदे येथील शाळांत 'प्रथम' या संस्थेच्या 'बालसखी' कार्यक्रमाची तपासणी झाली. वाचन व गणित यांत मागे पडलेल्या मुलांना वस्तीतील एक प्रशिक्षित तरुणी दररोज वेगळे बसवून शिकवीत असे. त्यामुळे मुलांचे गुण वाढले, असा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अशा अभ्यासांची संख्या वाढत गेली, तसे त्यांचे आढावेही निघाले. २०१३-१४ च्या सुमारास आलेल्या सहा आढाव्यांची तुलना जागतिक बँकेच्या दोन संशोधकांनी केली, तेव्हा त्यांच्या मुख्य शिफारशी परस्परांहून भिन्न असल्याचे आढळले. प्रत्येक आढाव्याने निवडलेले अभ्यास वेगळे होते, हे त्याचे एक मोठे कारण. तरीही मुलाच्या इयत्तेपेक्षा त्याच्या प्रत्यक्ष पातळीनुसार अध्यापन करणे लाभदायक ठरते, ही गोष्ट त्यांतून पुढे आली. केवळ साहित्य, उपकरणे किंवा अनुदान पुरविले आणि अध्यापनात बदल केला नाही, तर शिकण्यात फारशी भर पडत नाही, असेही तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने अलीकडे नमूद केले आहे. साहित्यखरेदीचे प्रस्ताव तयार करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

प्रत्येकास काय करता येईल

पद्धतशीर आढावा घेणे हे प्रशिक्षित मंडळींचे काम आहे. त्यास अनेकदा एक वर्षाहून अधिक काळ लागतो. प्रत्येक तालुक्याने किंवा शाळेने तो घ्यावा, अशी अपेक्षा नाही. परंतु त्यामागील शिस्त सर्वांना अंगीकारता येण्यासारखी आहे.

नवी योजना सुचविणाऱ्या अधिकाऱ्याने प्रस्तावासोबत एक पान जोडावे. या प्रश्नावर पूर्वी कोठे काय झाले, त्यात यश किती, अपयश किती आणि आपल्या जिल्ह्याची परिस्थिती त्या ठिकाणांशी कितपत मिळतीजुळती आहे, एवढे त्यात असावे. विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे आणि वैद्यकीय महाविद्यालये यांच्याकडून ही माहिती मागविता येते. जे प्रायोगिक प्रकल्प यशस्वी झाले नाहीत, त्यांचे अहवालही दप्तरात जपून ठेवले पाहिजेत. अपयशाची प्रामाणिक नोंद पुढील अधिकाऱ्याचा वेळ आणि जनतेचा पैसा वाचविते.

शिक्षकांना केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेत हाच परिपाठ ठेवता येईल. एखाद्या शाळेत एखादा उपक्रम यशस्वी झाल्याचे ऐकल्यावर तो लगेच सर्वत्र लागू करण्याऐवजी, केंद्रातील सर्व शाळांचा त्याविषयीचा अनुभव एका तक्त्यात मांडावा. ज्या वर्गात त्याचा उपयोग झाला नाही, तो वर्ग तक्त्यातून वगळू नये.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी विकास आराखडा तयार करताना, विक्रेता किंवा सल्लागार एखादी वस्तू वा योजना घेऊन आला असता, चार प्रश्न अवश्य विचारावेत. हे कोणासाठी उपयोगी ठरले? कशाच्या तुलनेत? किती ठिकाणी? आणि जेथे उपयोगी ठरले नाही, त्या ठिकाणांची नावे कोणती? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जो देऊ शकत नाही, त्याने सर्व पुरावा पाहिलेला नाही किंवा दाखविलेला नाही, असे समजण्यास हरकत नाही.

एका जिल्ह्यातील सेविका, एका बेटावरील मेंढ्यांचा अभ्यासक आणि एका महानगरातील बालसखी यांच्या कामाचा परस्परांशी काही संबंध असेल, असे वरवर पाहता वाटत नाही. परंतु प्रत्येकाने सत्याचा एक तुकडा हाती दिला आहे. ते तुकडे जेथे कोणी एकत्र जुळविले नाहीत, तेथे बालके दगावली, पैसा वाया गेला आणि तीच चूक पुनःपुन्हा घडली. जेथे ते काळजीपूर्वक जुळविले गेले आणि स्थानिक परिस्थितीशी ताडून पाहिले गेले, तेथे जीव वाचले. संशोधनावर होणारा खर्च हा समाजाचा खर्च आहे. त्याचे फळ समाजाच्या पदरात पडावयाचे, तर नव्या कामास हात घालण्यापूर्वी जुने सर्व काम एकदा नीट पाहून घेण्याची सवय कार्यालयात, शाळेत आणि ग्रामसभेत रुजली पाहिजे.